आजोबांचं अर्धवट मशीन

आजोबा गेले मंगळवारी, सकाळी साडेदहाला. बॉबिनला ते कळलं अकराला पाच कमी असताना. मधली पंचवीस मिनिटं ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्या समोर बसून एका भलत्याच मशीनला तेल घालत होती.

आता यात तिचा दोष काय? आजोबा कोपरं टेकून, उघडलेल्या शिलाई मशीनवर कपाळ ठेवून बसले होते, आणि हे त्यांचं रोजचंच होतं. प्रार्थना चालू असताना हाक मारायची नाही, हा घरातला कायदा. एकदा काकाच्या बाहीला शेगडीची ठिणगी लागली, तर आजीने ती हाताने थापटून विझवली आणि काकाला बोंबलायची परवानगी ‘आमेन’ झाल्यावर मिळाली. तेव्हा बॉबिन गप्प बसली. उलट मनातल्या मनात म्हणाली, आज फारच लांबलंय, देवालाही जरा श्वास घेऊ द्या. डॉक्टर नंतर म्हणाले की आधी कळलं असतं तरी उपयोग नव्हता. हे त्यांनी तिला तीन वेळा सांगितलं, कारण तिने तीन वेळा विचारलं.

बॉबिन ही आजोबांची नात, वय सव्वीस. लहानपणी एका जागी उभी म्हणून राहायची नाही, मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरागरा फिरायची, म्हणून आजोबांनी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. शाळा संपल्यापासून ती आजोबांच्याच दुकानात मशीन दुरुस्त करत होती.

आजोबांची कामाची एक पद्धत होती. मशीन उघडायचं, स्क्रू बशीत ठेवायचे, आणि घरातलं एक माणूस धरून त्याच्यासाठी प्रार्थना सुरू करायची. हात मशीनमध्ये, ओठ प्रार्थनेत. रिकाम्या तोंडाने माणूस चहाड्या करतो, असं त्यांचं म्हणणं. मशीन सुरू झालं, चिंधीवर दहा टाके सरळ पडले, की ‘आमेन’. मग मशीन आडवं करून खालच्या लाकडी बैठकीवर पेन्सिलने तारीख आणि त्या माणसाचं नाव. तारीख काम उरकल्याची नाही, मशीन दुकानात आल्याची. “देवाकडे नंबर आल्या दिवसापासून लागतो,” आजोबा म्हणायचे. “आपण उशीर केला तर तो आपला आळस. त्यात त्या माणसाचा नंबर का जावा?”

गिऱ्हाइकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं मशीन चालायचं, एवढंच त्यांना पुरे.

किचकट मशीन आलं की ते काकाच्या वाट्याला. काका पीत असे. त्याच्या नावाने आजोबांनी गंजलेली, पुरात बुडालेली, उंदरांनी संसार थाटलेली अशी एकोणीस मशिनं सुरू करून दाखवली. काकाचं पिणं मात्र बंद होईना. आजीच्या वाट्याला कायम सोपी मशिनं: सुई वाकडी, पट्टा सैल. “हिच्यासाठी मागायचं काय? भलं माणूस आहे,” आजोबा म्हणायचे. आजी फणकारायची, “जन्मभर यांचं केलं आणि माझ्यासाठी दहा मिनिटं! बेवडी झाले असते तर तीन-तीन दिवस मिळाले असते.”

चार वर्षांपूर्वी बॉबिनची आई गेली आणि बॉबिनने चर्चमध्ये जाणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी उठायची आणि दुकान झाडायची. महिनाभर आजोबांनी कळ काढली. मग एका प्रार्थनासभेत, सत्तर माणसांपुढे, उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाले, “प्रभू, माझ्या नातीचं हृदय दगडाचं झालंय, ते फोड.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी बॉबिनकडे चौदा जणांनी पोचवली. दोघी तर नुसत्या बघायला आल्या, बहुतेक फुटलं का ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, “माझी आई गेली आजोबा, आणि दगड मी?”

“मी देवाशी बोलत होतो.”

“मग आता माझं नाव त्याच्याकडे काढायचं नाही. मशीनखालीसुद्धा नाही. शब्द द्या.”

आजोबांनी शब्द दिला. हीच तर पंचाईत होती. दुसऱ्या कुणी तो सोयीने मोडला असता, पण आजोबा दिलेला शब्द पाळणारे. त्यानंतर चार वर्षं दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली आणि बोलणं झालं ते असं: “बशी सरकव.” “तेल संपलं.” “शटल आलं का?” कबूल करणार नाही म्हणा, पण मशीन बांधताना बॉबिन ते आडवं करून खालचं नाव बघायचीच. काका असे, आत्या असे, आजी असे. ती कधीच नसे. आपणच तोडलेलं आपल्यालाच इतकं लागतं, याचा तिला भयंकर राग येई, आणि तो राग ती आजोबांवर काढी.

त्या मंगळवारी दहाच्या सुमाराला आजोबा एकाएकी म्हणाले, “अगं, तुला एक विचारायचं होतं.”

चार वर्षांत बशी आणि तेलाच्या पलीकडचं हे पहिलं वाक्य. बॉबिन घाबरली. आणि घाबरली म्हणून म्हणाली, “तेल संपलंय, आणते.” तेलाची बाटली दोघांच्या मधोमध अर्धी भरलेली उभी होती. आजोबांनी बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि “बरं” म्हणाले. ती नवी बाटली घेऊन परत आली तेव्हा त्यांचं कपाळ मशीनवर टेकलेलं होतं.

दफनविधी झाला. माणसं पांगली आणि घरात भलताच वाद पेटला. दुकानातल्या टेबलावर आजोबांचं शेवटचं मशीन उघडं पडलं होतं, स्क्रू बशीत. टाके पडले नव्हते, आमेन झालं नव्हतं. तर ही अर्धी प्रार्थना होती कुणासाठी?

“माझ्यासाठी,” काका म्हणाला. “मशीन किती दिवस पडून होतं? अकरा. मी किती दिवस घेतली नाही? अकरा. अजून काय पुरावा पाहिजे?”

“माझ्या मुलाचा निकाल सोमवारी लागला,” आत्या म्हणाली. “पास झाला. तो! तुम्ही ओळखता ना त्याला?”

आजी म्हणाली की अकरा दिवस लागले म्हणजे आपण नक्कीच नव्हे, आणि भाजी निवडायला बसली. काकाने चर्चच्या पाळकसाहेबांना गाठून विचारलं, अर्धी प्रार्थना पोचते का? पाळकसाहेबांनी बराच विचार केला आणि प्रश्न चांगला आहे असं सांगितलं.

पाचव्या दिवशी ज्यांचं मशीन होतं त्या टेलरबाई दुकानात आल्या. डोळे पुसले, मग म्हणाल्या, “आजोबांसारखा माणूस होणे नाही. पण माझे चाळीस गणवेश अडलेत गं.”

“काय बिघडलं होतं मशीनचं?” बॉबिनने विचारलं.

“बिघडायचंय काय? नुसतं तेलपाणी करायला दिलं होतं. उद्या या म्हणाले. उद्या आले तर म्हणे, जरा अडकलंय. म्हटलं, माझ्या मशीनमध्ये काय अडकलं? तर म्हणे, ‘मशीनमध्ये नाही हो.’”

त्या गेल्यावर बॉबिनने दुकानाचं दार लोटून घेतलं. मशीनचा एकेक भाग हातात घेऊन पाहिला. शटल ठीक, पट्टा ठीक, दाते ठणठणीत. दहा मिनिटांचं काम. आजीच्या वाट्याचं मशीन. आणि हे मशीन आजोबा तिच्यासमोर बसून अकरा दिवस शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलत होते आणि पुन्हा लावत होते.

तिने मशीन आडवं केलं. बैठकीवर मागच्या वर्षांची नावं होती: आजी, आजी, आजी. त्यांच्याखाली ताजी तारीख, तीन. तारखेपुढे नाव लिहून खोडरबराने पुसलेलं. एकदा नाही, इतक्यांदा की तेवढं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

काकाचं नाव कशाला पुसतील? आत्याचं कशाला? घरात एकच माणूस असं होतं की ज्याचं नाव लिहायला त्यांना आधी परवानगी लागत होती. आणि ती परवानगी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा ते माणूस तेल आणायला गेलं होतं.

बॉबिन रडली. चांगली हुंदके देऊन, नाक ओढत, पुसायला मशीनचं फडकं घेऊन रडली, त्यामुळे गालभर काळं झालं. मग तिने स्क्रू लावायला घेतले. चार वर्षांत तिने प्रार्थना केली नव्हती, सुरुवात कशी करतात तेच आठवेना. शेवटी मशीनवर कपाळ टेकलं आणि म्हणाली, “विचारा ना, आजोबा. आहे मी इथे. काय विचारायचं ते विचारा.” तेवढंच. तेच तिने प्रत्येक स्क्रूला म्हटलं, आणि दहा मिनिटांच्या कामाला संध्याकाळ झाली. चिंधीवर दहा टाके सरळ पडले. तिने ‘आमेन’ म्हटलं.

मग पेन्सिल घेतली. एवढ्या वर्षांत, एवढ्या मशिनांखाली, एक नाव कधीच आलेलं तिने पाहिलं नव्हतं. गुळगुळीत झालेल्या जागी तिने लिहिलं: आजोबा.

सकाळी मशीन न्यायला टेलरबाई यायच्या आधी घरची मंडळी हजर. काकाने पाळकसाहेबांनाही आणलं होतं. सगळ्यांनी वाकून वाचलं.

“म्हणजे माझं नव्हतं?” काकाचा चेहरा पडला.

“तुझी एकोणीस झालीत, काका. ती संपव आधी.”

पाळकसाहेब घसा साफ करत म्हणाले, “बाळ, भावना समजते. पण आपल्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत.”

“तारीख बघा ना,” बॉबिन म्हणाली. “मशीन आलं तेव्हा होते ते.”

पाळकसाहेबांनी चष्मा लावला, पुन्हा वाकले, तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

“हो,” ते म्हणाले. “मग हरकत नाही.”

“किती वेळ लागला गं?” आजीने विचारलं.

“दुपारपासून संध्याकाळपर्यंत.”

आजीने मान डोलावली, पदराने त्या नावाच्या बाजूची धूळ पुसली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडायला बसली. कुणी तिला हाक मारली नाही.