दिवे सगळे हिरवे होते

मी एक जुना स्विच आहे, मित्रांनो. अहो, लगेच बोट पुढे करू नका! माझ्यानं दिवा लागत नाही की पंखा फिरत नाही. मी संगणकांना एकमेकांशी जोडणारा स्विच. पत्र्याचा एक चपटा डबा, पोटात कुरकुरणारा छोटा पंखा आणि तोंडावर चोवीस खाचा. प्रत्येक खाचेत एक वायर आणि तिच्या डोक्यावर एक हिरवा दिवा. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, रक्त तपासायच्या यंत्रामागे मला भिंतीवर टांगलंय. आधीच सांगून ठेवतो, मी जन्माचा काळजीखोर आहे. ज्याचं कामच दुसऱ्यांचे निरोप पोचवायचं, त्याला निवांतपणा कुठला?

कारखान्यात माझ्या चोवीसही खाचा एकेक करून तपासल्या गेल्या. शेजारच्या एका स्विचची नववी खाच मुकी निघाली, तर त्याला तिथल्या तिथे बाजूला काढलं. मी पास झालो खरा, पण तेव्हा घेतलेला धसका अजून गेलेला नाही.

माझं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. संगणक मोठा निरोप एका दमात पाठवत नाही. तो निरोपाचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा जणू पाकिटात घालतो आणि वर घेणाऱ्याचा आणि स्वतःचा पत्ता लिहितो. मी पाकीट फोडत नाही. दुसऱ्याची पत्रं वाचायची खोड मला नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता बघून मी फक्त लक्षात ठेवतो, की हा पाचव्या खाचेवर राहतो, तो अकराव्या. मग त्याच्या नावानं काही आलं की नेमकं त्याच खाचेतून बाहेर. कधी एखादा संगणक 'अमक्या पत्त्याचा कोण आहे रे?' अशी सगळ्यांना हाळी देतो. ती मी सगळ्या खाचांतून पुढे धाडतो. ज्याचा पत्ता असेल तो ओ देतो, बाकीचे गप्प राहतात. आणि पाकीट हाती पडलं की घेणारा उलट टपाली 'मिळालं' म्हणून कळवतो. ते 'मिळालं' माझ्यातून परत जाईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. इमारतीबाहेरच्या वाटा दाराजवळच्या राउटरला ठाऊक. मला आपल्या घरातल्या खोल्या तेवढ्या माहीत.

सुरुवातीला माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! पूर्वी तपासणीचे कागद घेऊन कोणीतरी दोन जिने चढायचं. मी आलो आणि इथं बटण दाबलं की वॉर्डातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर आकडे दिसायला लागले. लॅबच्या ताई सगळ्यांना सांगायच्या, "आमचा डबा कधी चुकत नाही हो!" ऐकून माझे चोवीस दिवे लाजायचे.

पण मित्रांनो, त्या कौतुकानंच घात केला. नियम असा होता, की एखाद्याच्या रक्तात जिवावर बेतणारा आकडा निघाला तर नुसता पाठवायचा नाही, वॉर्डात फोन करून तोंडीही सांगायचा. पहिली दोन वर्षं फोन झाले. मग कधीतरी झाले. मग बंदच पडले. डबा चुकत नाही ना, मग कशाला? आणि माझ्याकडे तरी कोण बघतंय? पाठीवर बोटभर धूळ साचली आणि वायरींवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. कुठली वायर कुठे जाते हे मी सोडून कोणालाच ठाऊक राहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी दहाची वेळ. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीला सगळे 'टापटीप' म्हणतात. तिला वाकडं कॅलेंडरसुद्धा बघवत नाही. तिच्या टेबलाखालचा जुना प्रिंटर आदल्या दिवशी उचलून नेला होता. त्याच्या वायरीचं एक टोक भिंतीतल्या खाचेत तसंच राहिलं आणि दुसरं जमिनीवर लोळत होतं. ते काही तिला राहवलं नाही. शेजारीच भिंतीत एक मोकळी खाच दिसली, तिनं लोळतं टोक तिच्यात खटकन बसवलं. दिसायला अगदी नेटकं.

आता त्या भिंतीतल्या दोन्ही खाचांच्या वायरी येतात कुठे? माझ्याकडेच, सातव्या आणि आठव्या खाचेत! म्हणजे मी सातव्यातून बाहेर सोडलेलं आठव्यातून परत माझ्याच तोंडावर. कोणीतरी एक साधी हाळी दिली. मी ती सगळीकडे धाडली. ती आठव्यातून परत आली. मला वाटलं नवी आहे, मी पुन्हा सगळीकडे धाडली. ती पुन्हा आली, दुप्पट होऊन. अफवा कशी पसरते, जिनं उठवली तिच्याच दारात परत येते, तसं झालं. क्षणात लाखो हाळ्या! कोण कुठल्या खाचेवर राहतो ते सगळं माझं पाठांतर विस्कटलं. आणि गंमत बघा, दिवे सगळे हिरवेच होते. वेड्यासारखे लुकलुकत होते, पण हिरवे.

नेमकं तेव्हाच ताईंच्या यंत्रानं एक आकडा दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते, किडनीचा त्रास असलेले, त्यांचं रक्त. "पोटॅशियम सात पूर्णांक दोन!" ताई मोठ्यानं म्हणाल्या. साडेतीन ते पाच असायला हवं. सातावर गेलं की माणसाचं हृदय कधी थांबेल याचा नेम नसतो. ताईंनी घाईघाईनं बटण दाबलं आणि त्या पुढच्या नमुन्याकडे वळल्या. फोन? नाही केला. डबा चुकत नाही ना!

पाकीट माझ्यापाशी आलं आणि त्या गर्दीत चिरडलं. संगणकानं पुन्हा पाठवलं, तेही गेलं. पुन्हा, पुन्हा. वरून 'मिळालं' काही येईना. ताईंची पाठ माझ्याकडे होती. अहो ताई, मागे बघा! असं ओरडावंसं वाटत होतं, पण मला वाचा कुठे आहे? वर आजोबा पलंगावर पडलेले, डॉक्टर रक्ताच्या आकड्यांची वाट बघतायत, आणि आकडा इथं माझ्या पोटात अडकलेला!

इतक्यात बाहेर ओरडा सुरू झाला. नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक गोठला आणि रांग खवळली. हेडक्लार्क तणतणत आत आले. "हा डबा म्हातारा झालाय, दुसरं काय!" म्हणत त्यांनी मला बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. "उद्याच भंगारात टाका याला!" म्हणून ते मोबाइलवर नेटवर्कवाल्याला शोधत निघून गेले.

टापटीप दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. खरं तर तिला गप्प बसता आलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी होतच होती, तिच्याकडे कोणी बोटही दाखवलं नव्हतं. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झालेले.

"ताई," ती चाचरत म्हणाली, "सकाळी मी टेबलाखाली एक वायर लावली. त्यानंतरच हे सुरू झालं. माझ्यामुळे तर नसेल?"

"कुठली वायर?" म्हणत ताई वळल्या, आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. आजोबांच्या नावापुढे चक्र फिरत होतं. "अगं बाई! हे गेलंच नाही? ती वायर काढ आधी, पळ!"

त्यांनी फोन उचलला, तर तोही मुका. गेल्या वर्षीपासून फोनही माझ्यातूनच जातात. मग त्यांनी आकडा तळहातावर लिहिला आणि दुखरा गुडघा घेऊन जिन्याकडे धावल्या.

तिकडे टापटीपनं वायर उपटली. एकदम सगळं शांत! मी येणाऱ्या पाकिटांवरून पत्ते पुन्हा गोळा केले, पाकीट आलं, वर धाडलं. पण मला भरवसा नव्हता, मित्रांनो. आकडा निघाल्यापासून सोळा मिनिटं गेली होती.

'मिळालं' आलं. पण आकडा पोचला म्हणजे माणूस वाचला असं थोडंच आहे? ताई बऱ्याच वेळानं खाली आल्या, गुडघा चोळत खुर्चीत बसल्या. वर आजोबांना औषध दिलं होतं, आता वाट बघायची. टापटीप जागची हलली नाही. दोन तासांनी सिस्टर आजोबांच्या रक्ताचा नवा नमुना घेऊन आल्या. यंत्र आपल्या गतीनं घुमत राहिलं. मग ताईंनी आकडा वाचला, "पाच पूर्णांक एक." टापटीप भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं वॉर्डात फोन लावला.

आता माझ्या वायरींवर नव्या चिठ्ठ्या आहेत आणि धूळही पुसली जाते. तेवढं जरूर करत जा, आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. त्या सकाळी चूक कुठे झाली ते मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं, आणि नोकरी जायची भीती असताना ती बोलली. तुम्हालाही बोलता येतं, मित्रांनो. हातून काही चुकलं तर सोळा मिनिटं थांबू नका.