तिसरं हत्यार

इनासने खाटेवर जुनी चादर अंथरली, तिच्यावर तिन्ही हत्यारं शेजारी शेजारी मांडली आणि मोबाइल उशीला टेकवून उभा केला. दोह्यातल्या मुऐदर भागात, दोन खोल्यांच्या घरात बसलेल्या पीटरला आधी वसईच्या घराचं छत दिसलं, मग वडिलांची हनुवटी आणि अखेर चादर.

"दिसतंय?"

"दिसतंय. पप्पा, रिव्हॉल्व्हर फिरवून ठेवा. तोंड तुमच्याकडे आहे."

"रिकामं आहे रे."

"रिकामं असलं तरी."

इनास हसला. हा नियम त्यानेच पीटरला शिकवला होता, चिकूच्या झाडाखाली, मुलगा बंदुकीच्या उंचीचा असताना. त्याने रिव्हॉल्व्हर फिरवलं आणि आज्ञाधारकपणे दोन्ही हात मागे घेतले.

प्रश्न कायद्याने निर्माण केला होता. पूर्वी एका परवान्यावर तीन हत्यारं चालत, आता दोनच. तिसरं डिसेंबरच्या आत पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं होतं. चादरीवर एक बावीस बोअरची रायफल होती, इनास तरुणपणी रायफल क्लबात जात असे तेव्हाची. जमिनीचे दलाल अवेळी दारात येऊ लागले त्या वर्षी घेतलेलं रिव्हॉल्व्हर होतं. आणि बारा बोअरची दुनळी होती. ती पीटरच्या आजोबांची. फळं पिकली की वटवाघळं उठवण्यासाठी तिचा हवेत एक बार काढत.

"आता तू सांग," इनास म्हणाला. "या दोघांच्या जोडीला दुनळी ठेवण्यात अर्थ आहे, की तीच द्यायची? तू शिकलेला माणूस."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? मला तिन्ही चांगली वाटतात. आईला तीन पोरगे असले तर ती काय सांगणार?"

"तुम्हाला तर मी एकटाच आहे."

"म्हणून तर तुला विचारतो."

पीटर एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासनीस होता. यंत्र देतं तो आकडा खरा आहे की नुसता आत्मविश्वासाने छापलेला आहे, हे पाहणं त्याचं काम. प्रश्न नीट मांडला की निम्मं उत्तर मिळतं, असं तो मानी. मानण्यासारखी फार थोडी विधानं त्याच्याकडे शिल्लक होती, त्यांतलं हे एक. तो दोह्याला आल्यापासून इनास दर शुक्रवारी त्याला काहीतरी विचारत आला होता. गच्चीला डांबर लावावं का, मोतीबिंदू या थंडीत काढावा का, बँकेतली पोरगी विमा घ्या म्हणते तर घ्यावा का. पीटर माहिती मागवी, विचार करी आणि पुढच्या शुक्रवारी कारणांसह उत्तर देई. इनास ते तंतोतंत पाळी.

"दुनळी उघडून नळ्या दाखवा."

इनासने दुनळी मधे दुमडून नळ्यांची तोंडं कॅमेऱ्यापुढे धरली आणि मागून आत डोकावला. पीटरच्या पडद्यावर उजेडाची दोन वर्तुळं उमटली. उजव्या वर्तुळात वडिलांचा डोळा होता.

"काय दिसतं?" डोळ्याने विचारलं.

"उजवी बरी आहे. डावीला आतून गंजाचे खड्डे आहेत." पीटर जरा पुढे झुकला. "आणि तुमचा हात हलतोय."

"बंदूक जड आहे."

"बंदूक पूर्वीइतकीच जड आहे, पप्पा."

डोळा वर्तुळातून बाजूला झाला.

पीटरला ऐकीव मतांवर निर्णय द्यायचा नव्हता. त्याचा सहकारी अबूबकर सुटीच्या दिवशी लुसैलच्या रेंजवर उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला जाई. पीटर त्याच्याबरोबर गेला. करोनाच्या मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. पहिल्या बारालाच खांदा मागे फेकला गेला आणि तबकडी निर्विकारपणे वाळूकडे उतरत गेली. तासाभरात त्याने मोजक्या तबकड्या फोडल्या. त्यांतल्या किती नेमाने आणि किती छऱ्यांच्या फैलावामुळे फुटल्या, हे सांगता येण्याजोगं नव्हतं. त्याने अबूबकरला तसं सांगितलं.

"पीटरभाई, प्लेट टूट गई ना? खलास," अबूबकर म्हणाला. "आप उससे भी रिपोर्ट माँगोगे?"

"खांदा इतका दुखत असेल तर एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचं काय होईल, ते पाहायचं होतं," पीटर हिंदीतच म्हणाला.

"तो उनसे पूछो. कंधा उनका है."

परतीच्या वाटेवर पीटरने दुखरा खांदा पुरावा म्हणून नोंदवून ठेवला.

पुढच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा ऑनलाइनच होती. ती संपताच त्याने फोन लावला. इनासने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"दुनळी द्या," पीटर म्हणाला. मग कारणं सांगितली. वटवाघळांना जाळी पुरते. काडतुसं जुनी झालीत आणि नवी आणायला ठाण्याला जावं लागतं. डावी नळी धोकादायक आहे. मागे येणारा धक्का त्या वयाच्या गळपट्टीच्या हाडाला झेपणारा नाही. रायफल हलकी आहे, रिव्हॉल्व्हर कपाटात राहतं. तिन्हींपैकी वाढत्या जोखमीची आणि घटत्या उपयोगाची वस्तू दुनळीच होती.

इनास प्रत्येक कारणाला मान डोलवत होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणजे तिन्ही ठेवायचा मार्गच नाही?"

"एका परवान्यावर दोनच."

"हां. एका परवान्यावर." त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "कायदा तू सगळा वाचलास ना? शेवटपर्यंत?"

"सगळा वाचला."

"आणि दुसरं काही नाही त्यात."

"नाही."

"बरं," इनास म्हणाला. "लॉयडला गाडी काढायला सांगतो."

पीटरची बायको रोझमेरी रात्रपाळीहून आली होती आणि ओट्याशी उभी राहून मासळीला मीठ लावत होती. फोन बंद झाल्यावर तिने हात धुतले.

"तुझ्या नावावर नाही का होत ती?"

"होते. सत्तरी उलटलेल्या माणसाला हयातीतच वारसाच्या नावावर करता येते."

"मग?"

"वारस तिथे राहणारा लागतो. पोलीस घरी येऊन बघतात."

"हे त्यांना सांगितलंस?"

"लागू न होणारा पर्याय सांगून काय साधणार?"

रोझमेरीने टॉवेल खिळ्याला अडकवला. तो पडला, तिने पुन्हा अडकवला.

"त्यांनी दोनदा विचारलं, पीटर," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

पीटर टेबलाशी बसून राहिला. तो नियम त्याने पहिल्याच दिवशी वाचला होता. वाचला आणि गाळला. गाळताना जराही थांबावं लागलं नव्हतं, एवढंच त्याला आता आठवलं. त्याने फोन उचलला. वसईत जेवणाची वेळ होती. इनासला जेवताना फोन आवडत नसे. त्याने फोन ठेवला.

लॉयडचा, म्हणजे त्याच्या चुलतभावाचा, फोन आठवड्याच्या मधेच आला.

"काम झालं रे. काका काय तयार होऊन आलेले! कोट घालून. म्हटलं काका, बंदूक द्यायला चाललो की पोरगी बघायला?"

"जमा करून घेतली?"

"घ्यायला काय, दुकानदार ओळखीचाच. काकांनी त्याला विचारलं, किती दिवस सांभाळशील? तो म्हणाला, अंकल, हवी तेवढी वर्षं ठेवा, तुमचा मुलगा परत आला की त्याच्या नावाने सोडवून घेऊ दे. पोलिसांना मी समजावतो."

"मग?"

"मग काही नाही. काका जरा बसले. पाणी मागितलं. आणि म्हणाले, विकूनच टाक."

पीटरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, काका, पीटरला एकदा फोन लावू. आपण काय, दहा मिनिटं थांबू. तर म्हणाले, नको, त्याचं उत्तर आलंय. येताना फुलांच्या बाजारात उतरले, भजी खाल्ली. मूडमध्ये होते तसे. ... हॅलो? पीटर? आवाज जातोय का?"

"येतोय," पीटर म्हणाला. "थँक्यू, लॉयड."

"काय थँक्यू! नाताळाला बाटली आण, विमानं सुटली तर."

शुक्रवारी फोन लागला तेव्हा इनास खिडकीकडे पाठ करून बसला होता. त्याचा चेहरा काळोखात आणि मागची खिडकी भलतीच उजळ दिसत होती. पीटरने पडदा जवळ घेतला.

"पप्पा, मागे एवढा उजेड कुठून?"

"माड पाडला ना. न्हाणीवर कललेला तो."

"कधी?"

"झाले दोन-तीन दिवस. लॉयडने माणसं आणली. चांगली होती, एक कौल फुटू दिलं नाही."

कललेला माड पडतोच असं नाही. मुळं धरून असली तर तारेने बांधून तो वर्षानुवर्षं ठेवता येतो. पीटरला हे ठाऊक होतं. आधी मुळांचे फोटो मागवावे लागले असते.

"बरं केलंत," तो म्हणाला.

"हो. रोझमेरी झोपली? आणि माझी नात? प्रिन्सीचा अभ्यास चाललाय?"

"चाललाय."

"जेवलास तू?"

"जेवलो."

दोघे पडद्यात पाहत राहिले. बाहेर शेजारच्या एसीचं यंत्र गुरगुरत होतं. एरवी याच सुमाराला इनास घसा खाकरी आणि म्हणे, बरं, एक विचारायचं होतं.

"आणखी काही, पप्पा?" पीटरने विचारलं.

इनासने खोलीभर एकदा नजर फिरवली, पाहुण्याला द्यायला घरात काही आहे का ते बघावं तशी.

"नाही रे," तो म्हणाला. "सगळं झालंय."