नदीपात्रातली चारचाकी फटफटी

एका सिनेमाच्या भाड्यात दोन गावांचे तंबू भरले, तर तंबूवाल्या तोतारामशेठचा फायदा दुप्पट. रिळं इकडून तिकडे वेळेवर पोचली, तर इसाक मिस्त्रीला इंजिन. आणि मला? मला माझा जीव. मित्रांनो, या तिघांत सगळ्यात कमी भांडवल माझं होतं, कारण माझं म्हणावं असं माझ्यात काहीच नव्हतं.

मी एक जुनी चारचाकी फटफटी आहे. जळगावला मेहरूणच्या तळ्याजवळ इसाकची पत्र्याची शेड होती, तिथे मी १९८७ साली जन्मले. मागचा आस भंगारातल्या रिक्षाचा, चाकं चार घरची चार, दिवा स्कूटरचा. इंजिन मात्र शेजारच्या रुपचंदभाऊंच्या राजदूत मोटारसायकलचं, तेही उसनं. मला पाहायला लोक जमत आणि विचारत, "मिस्त्री, फटफटी आहे की खाट?" इसाक म्हणे, "खाटच आहे. फक्त झोप येत नाही."

माझं नशीब उघडलं ते चैत्रातल्या जत्रेत. धुळ्याकडे बोरी नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक. दोन्हीकडे तोतारामशेठचे तंबू, सिनेमा मात्र एकच. अलीकडे दोन रिळं दाखवून झाली, की ती उलटी गुंडाळून डब्यात भरायची आणि पलीकडे न्यायची. तिकडचा खेळ तेवढा मागून सुरू होई. पुलावरून रस्ता वीस मैलांचा. नदीपात्रातून वाट दीड कोसाची, पण सगळी वाळू. तिथे दोन चाकं रुततात. चार तरंगतात!

बोली अशी ठरली: तीन रात्री खेळ मोडला नाही, तर शेठने रुपचंदभाऊंना इंजिनाचे पैसे द्यायचे आणि मी जगायचं. मोडला, तर सोमवारी रुपचंदभाऊ पाने-पकडी घेऊन येणार आणि मला सोडवणार. सोडवणार म्हणजे मोकळं करणार नव्हे हं मित्रांनो, तुकडे करणार!

पहिल्या दोन रात्री काय सांगू! दिव्याच्या झोतात वाळू रुप्यासारखी चमके. टरबुजांच्या वाड्या डावीकडे सोडायच्या, बाभळीपाशी वळायचं, मग सरळ पाण्याच्या बारीक धारेत शिरायचं. दोन्ही बाजूंनी पाणी उडालं, की इसाक लहान पोरासारखा ओरडे. वय पंचेचाळीस, चष्मा जाड, पण रात्री हँडल हातात आलं की त्याचं निम्मं वय नदीतच वाहून जाई.

तिसऱ्या रात्री देवाचा सिनेमा होता. शेठने सगळ्याचा हिशेब धरला होता, वाळूचा, वाऱ्याचा, पंक्चरचासुद्धा. बायकांचा तेवढा धरला नव्हता. पडद्यावर देव प्रकट झाले आणि पुढच्या रांगेतल्या मंदाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. "मशीन थांबाडा! आरती करा बिगर देवले जाऊ देवानं नही!"

मशीन थांबलं. आरती झाली, नारळ फुटला, ताटात चिल्लर पडली. ताट भरलं तसं शेठने उपरण्यात ओतून घेतलं, आणि मग दुसरी आरती सुरू झाली. वीस मिनिटं गेली! बाहेर इसाकने घाईघाईने माझ्या टाकीत पेट्रोल ओतलं. त्यात मिसळायचं ऑइल घालायचं राहिलं. मला कळलं, पण मला तोंड कुठे होतं?

डबा आला. मंदाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. "इसाकभाऊ, देव शे. हाऊ डबा पायजोडे ठेवू नका."

"अक्का, डोक्यावर घेतला तर हँडल देव धरतील का?"

बाया हसल्या, आणि आम्ही सुटलो. पलीकडची रिळं संपायला सात मिनिटं, वाट बारा मिनिटांची! टरबुजांचा राखणदार शिव्या देत उठला, त्याची शिवी पुरी होईपर्यंत आम्ही बाभळीपाशी. पाण्याची धार मी पाहिलीच नाही, नुसती अंगावर आली. असं मी पुन्हा कधी धावले नाही. आणि समोर तंबूचे दिवे दिसले, तोच पोटात आग पेटली. कर्र झालं. इंजिन जाम!

काठावर गॅसबत्त्या हलत होत्या. पडदा पांढरा पडला होता. चिडलेलं अख्खं गाव काठ्या घेऊन उतरत होतं, पुढे झुलाल आबा, गावचे पंच. "कोठे शे तो तंबूवाला?"

इसाक सीटवर उभा राहिला. "आबा, मारायचं तर मारा, पण आधी ओढा. डब्यात देव आहे!"

आबांनी बत्ती उचलून डब्यावरचं कुंकू पाहिलं. मग हातातली काठी टाकली. "काय देखतस? दोर आना! ओढा रे बठ्ठा जन!"

मित्रांनो, चाळीस माणसांनी ओढलेली फटफटी तुम्ही पाहिली आहे का? डबा खाली उतरवायचं कोणाला सुचलंच नाही. हातात घेऊन धावले असते तर लवकर पोचले असते! पण देव डब्यात आणि डबा गाडीवर, म्हणून गाडीसकट देव तंबूच्या दारात आणला. खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने तिथेही देव प्रकट झाले, तिथेही आरती झाली, आणि तिथलंही ताट भरलं.

सोमवारी शेठ म्हणाले, "गाडी कुठे पोचली? माणसांनी ओढली. बोली मोडली." रुपचंदभाऊ पाने हातात घेऊन उभे. त्यांनी किक मारून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "जळकं इंजिन नेऊन मी काय पूजा करू?"

झुलाल आबा तंबाखू मळत होते. "शेठ, खेळ मोडना का?"

"नाही मोडला."

"मंग बोली खेळनी व्हती, गाडीनी नही. पैसा काढा."

इसाकने पुढच्या आठवड्यात माझा पिस्टन बदलला, आणि मी आणखी आठ जत्रा धावले. आता शेडच्या मागे उभी असते. एवढंच मागते, मित्रांनो: यंत्राकडून घाईचं काम घ्या, पण त्याला घाईघाईत खाऊ घालू नका. आम्हाला ओरडता येत नाही, आम्ही एकदम थांबतो.

राहिला हिशेब. इसाकने पिस्टनचे पैसे भरले, गावाने तळहातांची साल दिली. आणि इंजिन? शेठने उपरणं सोडलं, तेव्हा त्यात नोटा थोड्या आणि चिल्लर फार होती. रुपचंदभाऊंनी ती दोनदा मोजली. मोजून झाल्यावर त्यांची बोटं कुंकवाने लाल झाली होती.