पोट आणि गुडघा यांच्या मधलं

कोपर गावातल्या घरात ओटीवर गोदा नातीला मांडीवर घेऊन शिकवत होती. "नाक कुठं? कान कुठं? पोट कुठं? आनि गुडघा?" पोर एकेका जागी बोट लावून खिदळत होती.

आत गोदाच्या जावेने, शेवंतीने, लेकीला हाक मारली. "बाय, एवढा नारळ खवून दे."

दिशा विळीवर बसायला वाकली. उजवा गुडघा छातीकडे आला मात्र, तिचा चेहरा पांढरा पडला. भिंतीला धरून ती उठली. कबड्डीच्या संघातली चढाई करणारी पोर ती, पण तिला विळीवर बसता येईना.

"परत कंबर?"

"हां. कंबर."

दोन वर्षं हेच चाललं होतं. कमरेचे एक्स-रे साफ आले. पट्टा झाला, मालिश झाली. कबड्डी शिकवणारे प्रभाकर सर म्हणाले, ताण दे, अंग मोकळं होईल. ताण दिला की दुखणं वाढे. शेवटी गोदाही बोलली, "नाटकं करते गो, काम नको म्हनून."

पण येत्या रविवारी कल्याणचे पाहुणे दिशाला बघायला येणार होते आणि तिला पाटावर बसवत नव्हतं. तिचा बाप महिपत घाबरला. गाडी काढून मायलेकींना ठाण्याला, सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"कुठे दुखतं?" बाईंनी विचारलं.

दिशाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "कंबर."

"हाताने दाखव."

कडेवर कळशी धरावी तसा दिशाने हात लावला. अंगठा मागे, बोटं पुढे.

"बोटं तर जांघेत गेलीत. मग कंबर का म्हणतेस?"

"आई बोलली, ते नाव घ्यायचं नाय."

शेवंतीला आठवलं. पहिल्यांदा पोर खरंच म्हणाली होती, आये, जांघेत दुखतं. तेव्हा तिनेच दटावलं होतं, पुरुष मानसं बसलीत, कंबर म्हन. पोर शहाणी. तिने ऐकलं.

बाईंनी दिशाचा गुडघा छातीशी नेऊन पाय आत वळवला, तशी ती कळवळली. नव्या तपासण्या झाल्या. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "जांघेतलं हे दुखणं खुब्याचं आहे, कमरेचं नाही. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. गोळ्याशी हाडाचा उंचवटा आहे. पाय वाकला की तो वाटीच्या काठाला चिमटतो. काठ फाटलाय, आतली गादीही झिजायला लागलीय. दुर्बिणीतून उंचवटा तासू, काठ शिवू. दुखणं कमी व्हावं. खेळाचं वचन मात्र देत नाही. दोन वर्षांपूर्वी आली असती तर दिलं असतं कदाचित."

"लग्नानंतर केलं तर?" महिपतने विचारलं.

"तोवर झीज थांबणार आहे का?"

"पोरं होतील ना हिला?"

"त्याचा याच्याशी संबंध नाही."

"तुम्हाला ठाव हाय. लोकांना कोन सांगनार?"

संध्याकाळी कल्याणहून मुलाच्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "पोरीला काय दुखनं-बिखनं नाय ना?"

महिपतने शेवंतीला हाताने खूण केली, नाय म्हन. दारात दिशा डाव्या पायावर भार देऊन उभी होती.

"हाय," शेवंती म्हणाली. "जांघेत दुखतं तिच्या. खुब्याचं ऑपरेशन करायचंय."

पलीकडून, "बरं, घरात विचारून कळवते." फोन बंद झाला.

"आता कोन येनार हिला बघायला?" महिपतचा आवाज फाटला.

"पयलं आपन तरी बघू."

तो बाहेर गेला. दिशा जवळ आली. "आये, मी परत चढाईला जाईन?"

शेवंतीला खोटं बोलवेना. "ठाव नाय, बाय."

दिशा आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आवाज न करता, जसं तिला शिकवलं होतं तसंच.

सकाळी ओटीवर महिपत चहा पीत होता. गोदाचा खेळ चालू होता. "पोट कुठं? आनि गुडघा?"

शेवंती बाहेर आली. "मधी जांघ राह्यली, गोदा."

"हळू गो. पुरुष मानसं हायत."

शेवंती त्या चिमुरडीसमोर बसली, स्वतःच्या जांघेवर हात ठेवला. "ही जांघ. इथं दुखलं तर इथंच दुखतं म्हनायचं. कोनीबी बसलेला असू दे."

"जांघ," पोर म्हणाली. आणि नाक म्हणताना हसली होती तशीच हसली.