पिना उपटण्याचा उद्योग

तिला घरीदारी सगळे चिमणी म्हणत. हे नाव पडलं तेव्हा ती सहा महिन्यांची होती आणि खरंच चिमणीएवढी होती. पुढे तिने नावाशी काही संबंध ठेवला नाही. एकशे सव्वीस किलोंची चिमणी म्हटल्यावर नवीन गिऱ्हाईक हमखास हसायचं, मग तीही हसायची, नाहीतर करणार काय? आठ महिन्यांपूर्वी तिने वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. पोट लहानशा वाटीएवढं उरलं, वजन चाळीस किलोंनी उतरलं आणि नाव ऐकून कोणी हसेनासं झालं. खरं सांगायचं तर याचं तिला थोडं वाईटच वाटायचं.

चिमणी आणि तिची थोरली बहीण ताई, दोघी मिळून सोफे-खुर्च्यांना नवीन कापड चढवून द्यायचं दुकान चालवत. पुढे काउंटर, मागे कामाची लांबट खोली. तिच्यात शिलाई मशिन, फोमच्या लाद्या, रेक्झिनचे तागे आणि या सगळ्यातून जागा उरलीच तर कोपऱ्यात स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि जेवायचं टेबल. वर दोन खोल्यांत त्या राहत. ताईने लग्न केलं नव्हतं, चिमणीने केलं होतं पण ते टिकलं नव्हतं. तो विषय आपला नाही.

आपला विषय पोटाचा. डॉक्टरांनी पोट लहान केलं, झकास केलं. पण गिऱ्हाईक अंगावर ओरडलं की आतून जे कोणी ‘बिस्कीट, बिस्कीट’ करायला लागतं, ते नेमकं कुठे बसलेलं असतं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते जागच्या जागी राहिलं. शिवणीत चूक झाली, बिस्कीट. कंटाळा आला, बिस्कीट. कोणी कौतुक केलं तर दोन. आणि नव्या पोटात जास्तीचं काही गेलं की चिमणी पंधरा मिनिटं भिंतीला टेकून घाम पुसत बसायची.

आहारतज्ज्ञ बाई फूटपट्टीसारख्या सरळ आणि स्वभावाने मायाळू होत्या. “भूक पोटाची आहे की मनाची, ते आधी बघायचं,” त्या म्हणाल्या. “मनाची असली तर दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. काय करायचं, ते तुमचं तुम्ही शोधा.”

शोधा म्हणणं सोपं आहे हो. चिमणी चालायला निघाली, तर कुठल्याही गल्लीने गेलं तरी वाटेत बेकरी. मैत्रिणीला फोन लावला, तर तिचं पहिलंच वाक्य, “थांब हं, ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय.” विणकाम सुरू केलं. महिन्याभरात मफलर अकरा फूट झाला आणि ताईने तो टेम्पोत खुर्च्या बांधायला नेला. गाणं म्हणून पाहिलं, तर शेजारच्या दुकानातले घड्याळवाले काका धावत आले आणि विचारू लागले, “कोणाला लागलंबिगलं तर नाही ना?”

शेवटी उपाय सापडला तो घरातच. जुन्या सोफ्याचं कापड काढायचं, तर आधी त्याच्या लाकडी सांगाड्यात ठोकलेल्या पिना उपटाव्या लागतात. एका सोफ्यात सात-आठशे तरी असतात. ते काम दोघींनाही नकोसं वाटे, एकमेकींवर ढकलत. एकदा असाच जीव वैतागला असताना चिमणीने पक्कड उचलली, पिनेला धरली, जरा पिळली आणि खस्सकन ओढली. पत्र्याच्या डब्यात टिंग! काय बरं वाटलं म्हणता! साठ-सत्तर पिना निघेपर्यंत बिस्किटाची हाक बंद. तेव्हापासून दुकानात जुनं कापड काढायचं काम कधी तुंबलं नाही. ताईसुद्धा खूश होती.

म्हणजे त्या एका बाबतीत खूश होती. बाकी ती आठ महिने धुमसत होती आणि चिमणीला त्याचा पत्ता नव्हता.

त्याचं असं होतं की या दोघींच्या आईबाबांच्या घरी कधी कोणी कोणाला ‘चुकलं’ म्हटलेलं नव्हतं. ज्याचं चुकलं त्याने दुसऱ्यापुढे खायला ठेवायचं. दुसऱ्याने ते खायचं. संपलं भांडण. आई रागाने बोलली की तासाभरात लोणी लावलेला गरम पाव पुढे यायचा. बाबा एकदा आईचा वाढदिवस विसरले, तर घरात आठवडाभर केक होता. चिमणी लहानपणी भांडखोर होती आणि ताईही कमी नव्हती, तेव्हा चिमणी एकशे सव्वीस किलोंवर कशी पोचली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एका संध्याकाळी ताई चिमणीवर उगाच खेकसली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बेकरीतून केकचा खोका आणला, एक तुकडा बशीत काढला आणि मुकाट्याने चिमणीसमोर ठेवला. चिमणी मापं लिहीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “नको गं. ठेव तिकडे.”

झालं. ताईच्या चेहऱ्याचा रंगच पालटला.

“ठेव तिकडे?”

“मला चालत नाही ना, ताई. माहीत आहे तुला.”

“केक चालत नाही. टेबलाशी बसणं चालत नाही. माझं तोंड बघणं तरी चालतं का?” ताईचा आवाज चढला. “तू पोट कमी करायला गेली होतीस की मला वजा करायला?”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“बरोबर बोलतेय. पडद्यांच्या त्या मोठ्या शोरूमवाल्या बाई मला कधीच्या कामाला बोलावताहेत. दुपारी दोनला फोन करून पक्कं काय ते विचारणार आहेत. जाते मी तिकडे. तू बस इथे घड्याळ लावून चमचे मोजत!”

आणि ती एका गिऱ्हाइकाच्या खुर्च्या बघायला निघून गेली. जाताना दार असं आपटलं की काउंटरवरची कात्री खाली पडली.

चिमणी जागच्या जागी थिजली. ताई गेली तर दुकान एकटीने कसं चालवायचं, हा विचार नंतरचा. आधीचा विचार एवढाच, की ताई गेली तर मग राहिलं कोण? आणि समोर तो केक. मऊ, पिवळा, वर साखरेचा थर. पोट अगदी शांत होतं, पण मन बेभान झालं होतं. एक घास, नुसता एकच. तिने बशी उचललीसुद्धा. मग खाली ठेवली, पक्कड घेतली आणि डोळ्यांत पाणी घेऊन मागच्या खोलीतल्या हिरव्या सोफ्यावर तुटून पडली.

दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला सोफा होता तो. कापड काढायचंच होतं. चिमणीने तो उलटा केला आणि सुरू झाली. टिंग, टिंग, टिंग. आज पिना भलत्याच घट्ट. बरं झालं, जेवढ्या घट्ट तेवढं बरं. ‘मला वजा करायला’, टिंग. ‘घड्याळ लावून’, टिंग. एक बाजू झाली, दुसरी झाली, रेक्झिन सोलून निघालं. तासाभराने कोपऱ्याशी आल्यावर तिचा हात थांबला. कोपऱ्यात तीन पिना होत्या, एकमेकींना खेटून, तिरक्या. अशा तिरक्या तीन पिना जगात एकच बाई मारते.

तिने मागे वळून पाहिलं. भिंतीशी दुसरा हिरवा सोफा उभा होता. फाटका. डॉक्टरांचे सोफे दोन होते आणि रंग अगदी तोच हवा असा त्यांचा हट्ट होता. ताईने चार दिवस मान मोडून पहिला पुरा केला होता आणि तो दुपारी पोचवायचा होता. चिमणीने तो सोलला होता, रेक्झिनच्या कडा फाडून सोलला होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आता काय करायचं? तिला एकच गोष्ट येत होती. तिने केकचा मोठ्यातला मोठा तुकडा कापला, चांगल्या बशीत ठेवला, टेबल पुसलं आणि बशी ताईच्या जागेवर मांडली.

ताई दीडला आली. तिने सोफा पाहिला. त्याच्याभोवती एक चक्कर मारली. कोपऱ्यात तेवढ्याच उरलेल्या आपल्या तीन तिरक्या पिना पाहिल्या. मग बशी पाहिली. ती ओरडली असती तर चिमणीला बरं वाटलं असतं.

“नको,” ताई हळू म्हणाली. “ठेव तिकडे.”

हे दोन शब्द केवढे लागतात, ते चिमणीला तेव्हा कळलं. सकाळी हेच आपण मापं लिहिता लिहिता फेकले होते, मान वरही न करता. आता पुढे करायला बशी नव्हती, काहीच नव्हतं. दोन्ही हात रिकामे घेऊन ती उभी राहिली.

“ताई,” ती म्हणाली, “चुकलं माझं.”

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू सोफाच बोलला.

“काय म्हणालीस?”

“चुकलं म्हटलं. सोफ्याचं चुकलं. आणि सकाळचं त्याहून जास्त चुकलं.”

“अगं पण…” ताई पार गांगरली. चाळीस वर्षांत असा प्रसंग कधी आला नव्हता. “आता यावर मी काय करायचं असतं?”

“मला काय माहीत? मीही पहिल्यांदाच म्हणतेय.”

ताई मटकन खुर्चीत बसली. थोडं हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मी आठ महिने उभ्याने जेवतेय,” ती म्हणाली. “ओट्याशी. तू तुझी वाटी घेऊन वर जातेस. मी एकटीसाठी टेबलावर काय मांडायचं? मला केकबिक काही खायला घालायचं नाहीये गं तुला. पण तू समोर नसलीस तर मला माझाही घास गिळवत नाही.”

चिमणीला हे सुचलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या ताटाकडे बघून हात पुढे जाईल या धास्तीने ती उठून जायची. खाणं सोडायचं, तर सोबतही सोडावी लागते, असं तिने आपलं स्वतःच ठरवून टाकलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी असं कधीही सांगितलं नव्हतं. तिला स्वतःच्या शहाणपणाचा फार राग आला आणि ताईची दया आली.

ती वर गेली, आपली वाटी घेऊन आली आणि टेबलाशी बसली. वाटीत उकडलेलं अंडं होतं आणि दोन चमचे डाळ. ताईने आपलं ताट वाढून घेतलं. ताईचं जेवण पाच मिनिटांत आटोपलं. चिमणीचा तेव्हा दुसरा घास चालू होता, कारण तिला प्रत्येक घास कंटाळा येईपर्यंत चावावा लागे.

“अजून किती वेळ?”

“वीस-पंचवीस मिनिटं.”

“बाप रे,” म्हणून ताई उठली, मग परत बसली. आता ताट रिकामं, हात रिकामे, करायचं काय? म्हणून ती बोलायला लागली. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून आपण काय काय मनात आणलं ते सांगितलं. “तुला आत नेलं तेव्हा वाटलं, आता बाहेर येईल ती कोणी दुसरीच येईल.”

“मग? आली का दुसरी?”

ताईने तिला नीट न्याहाळलं. “खांदे दुसरे आहेत. बाकी सगळा त्रास तोच आहे.” थोडं थांबून, सोफ्याकडे बघत ती पुटपुटली, “आणि माझंही तेच.”

“काय तेच?”

“तेच, तू म्हणालीस ते.”

“ऐकू नाही आलं.”

“चुकलं माझंही! झालं समाधान? आता सगळं असं बोलूनच दाखवायचं का या घरात?”

“हो,” चिमणी म्हणाली आणि तिसरा घास घेतला.

बरोबर दोन वाजता फोन वाजला. शोरूमवाल्या बाई वेळेच्या फार पक्क्या होत्या. चिमणीचं चावणं थांबलं. ताईने फोन उचलला, पलीकडचं ऐकलं आणि म्हणाली, “नाही हो, आत्ता नाही बोलता येणार. माझी बहीण जेवतेय.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, जेवण झाल्यावरही नको. संध्याकाळी परत जेवेल ती.”