कुंभारणीचं कुलूप

एकाहत्तर साली लग्न होऊन पद्मजा भोरहून चिंचवडला आली, तेव्हा मुकुंदनं चाळीतल्या खोलीसाठी चांगलं जाडजूड कुलूप आणलं. ते कोयंड्याला अडकवलं गेलं आणि पुढं उघडंच लटकत राहिलं.

मुकुंद तसा भला माणूस, पण कंपनीनं ओव्हरटाइम म्हटलं की त्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नसे. पद्मजा दिवसभर भिंतींशी बोलायची. शेवटी एकदा जेवताना तिनं विषय काढला, “येत्या रविवारी तरी कुठं जाऊ या.”

“ओव्हरटाइम आहे,” असं म्हणून त्यानं आमटी वाढून घेतली. त्या आमटीनंच घात केला.

सकाळी तो कामावर गेला आणि हिनं ट्रंक भरली. माहेरी जायचं, ते कायमचं. ट्रंक बाहेर ठेवून कुलूप लावायला गेली, तर किल्ली आत जाईना. भोकात माती! तेवढ्यात कानाशी गुणगुण झाली आणि तोंडात चिखलाची गोळी घेऊन कुंभारीण माशी कुलपावर येऊन बसली.

झाली का पंचाईत! नवऱ्याला सोडायला ती तयार होती, पण आईनं दिलेली पितळेची भांडी उघड्यावर टाकायला नव्हती. शेजारच्या मदिनाभाभीला सांगावं, तर कारण सांगावं लागणार. काडीनं माती उकरावी, तर आईची शिकवण आडवी आली: कुंभारणीचं घर मोडू नये, आपलं मोडतं. आता स्वतःचं मोडायला निघालेल्या बाईनं त्याची फिकीर कशाला करावी? पण केली. हिचं आटपू दे, मग बघू, म्हणत ती ट्रंकेवर बसली.

कुंभारीण मोरीपाशी जाई, ओल्या मातीची गोळी आणी. मध्येच एक हिरवी अळी आणून तिनं आत कोंबली. ही गुणगुण पद्मजा रोज दुपारी ऐकत होती. तिला वाटायचं, लांब कुठंतरी यंत्र चालतंय. म्हणजे इतके दिवस सोबतीला कुणीतरी होतं! तिला हसू आलं आणि रडूही. बाई गं, तुला ना सासर ना माहेर, ना कुणी ‘दमलीस का’ म्हणणारं. पिल्लू बाहेर येईल तेव्हा तूही नसशील, तरी तुझी खेप काही चुकत नाही. असाच एक माणूस रोज डबा घेऊन निघतो, हेही तिला आठवलं. राग मात्र गेला नाही.

भोरची गाडी केव्हाच चुकली होती. दिवेलागणीला मुकुंद आला. ट्रंक पाहून त्याचा चेहरा उतरला.

“दारात का बसलीस?”

“कुलूप लागेना.”

त्यानं कुलूप निरखलं, नखानं माती टोकरणार तोच ती ओरडली, “मोडू नका!”

मुकुंद कुलूप धरून तसाच उभा राहिला. “हिनं निवांत घर बांधलं,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे कुलूप कधी लागलंच नाही. तू आल्यापासून कुठं गेलीच नाहीस?”

“कुणाबरोबर जाणार?”

ट्रंक उचलून त्यानं खाटेखाली सरकवली. “चल, नदीच्या घाटावर जाऊन येऊ.”

“अन् घर?”

“राहू दे उघडं. मदिनाभाभी, जरा लक्ष ठेवा हो!”

“बिनघोर जावा,” आतून मदिना म्हणाली. “आज तरी जावा!”

पुढं थेरगावला स्वतःचं घर झालं, नवं कुलूप आलं. जुनं पद्मजानं टाकू दिलं नाही. पिल्लू उडून गेल्याचं बारीक भोक त्या मातीत तसंच होतं. दर रविवारी बाहेर पडताना ती दार लावून किल्ली मुकुंदच्या हातात द्यायची. त्या दिवशी ट्रंक कुठं निघाली होती, हे त्यानं तिला कधीच विचारलं नाही.