निचऱ्याच्या व्हॉल्व्हवरची किल्ली

पुतणीच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. एकाच गावात राहून तिनं पत्र टाकलं, कारण 'समोर बसलात की तुम्ही नुसतं हं हं करता.' तेल डेपोत तिला टाक्यांच्या आवाराची प्रमुख करणार होते. 'काका, घेऊ का? आई नको म्हणते. तुमची हयात तिथं गेली. तुम्ही सांगाल तसं.'

मी उत्तरं लिहिली आणि फाडली. एक उपदेशासारखं वाटलं, दुसरं निबंधासारखं. उभ्या जन्मात मी साधा मुकादम झालो नाही. मी काय सांगणार?

शेवटी एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो.

"या भाऊजी! वाट चुकलात वाटतं?" वहिनींनी दार उघडलं. मागोमाग पुतणीही कामावरून आली.

"बबडे, कपाटाची किल्ली दे गं. चांगल्या कपबशा काढते, भाऊजी काय रोज उगवतात?"

पर्समध्ये घातलेला तिचा हात तसाच राहिला. "आई, जुडगा डेपोत राहिला."

"मग उद्या आण की!"

पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि का ते मला कळलं. प्रत्येक टाकीभोवती भिंत असते. टाकी फुटलीच तर डिझेल आत अडावं म्हणून. आत साचलेलं पावसाचं पाणी, वर तेलाचा तवंग नाही ना हे बघून, एका व्हॉल्व्हमधून नाल्यात सोडतात. एरवी तो बंदच हवा. उघडा राहिला तर भिंत असून नसल्यासारखी, आणि नाल्याच्या काठाला वस्ती. म्हणून व्हॉल्व्ह उघडला की आपल्या घराची किल्ली त्याच्या चाकावर अडकवायची. किल्लीशिवाय माणूस घरी जाणार कसा? ही पद्धत माझीच. तिला मीच शिकवली.

तिनं फोन लावला. पुढच्या पाळीचा माणूस म्हणाला, "केव्हाच बंद केला, ताई. फेरीत किल्ली लोंबताना दिसली. काही सांडलं नाही. मी कुणाला बोलत नाही, निर्धास्त राहा."

"नको. साहेबांना मीच सांगते."

तिनं आमच्यासमोरच दुसरा फोन केला. "साहेब, निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. माझ्या हातून." मग माझ्याकडे वळली. "मिळालं ना उत्तर, काका? मी कसली प्रमुख!"

"मी म्हणतच होते," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "हं."

घरी येऊन कुलूप उघडताना उमगलं. किल्ली विसरलो असतो तर मी रात्रभर पायरीवर बसलो असतो. तिला दार उघडायला आई आहे. एकट्या माणसाची युक्ती मी त्या पोरीच्या गळ्यात बांधली होती.

दिवा लावला आणि एका दमात लिहिलं:

'बबडे, पद घे. तो दुसरा फोन मी असतो तर सकाळवर ढकलला असता, आणि सकाळी विसरलो असतो. पद्धत मात्र बदल. घरी आपली कुणी वाट बघत असतं, हे ती काढताना मला सुचणार कुठून? वहिनींना सांग, काळजी करू नका. तुझा काका.'

पाकिटावर तिकीट लावलं, आणि ओळी पुन्हा वाचायचा मोह होण्याआधी कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो.